शेकोट्या, धुकं आणि उघड्या खिडक्या: न्यू ऑर्लिन्सचा नाताळ

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सला नाताळात जायचं ठरलं की बॅग भरताना पहिली चूक होते ती जाड कोटाची. डिसेंबरात इथलं कमाल तापमान सरासरी 18 अंश सेल्सियस आणि किमान 9 च्या आसपास असतं, पण सरासरी बघून इथलं कुणी कपडे घालत नाही. मेक्सिकोच्या आखाताकडून दक्षिणेचा वारा सुटला की दुपारी 24-25 अंश होतात. हवा दमट असते आणि बाह्या वर सारून फिरावंसं वाटतं. मग उत्तरेची थंड हवा येऊन धडकते, तासभर गडगडाटी पाऊस पडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश निळंशार, पारा 4-5 वर. हा फेरा आठवड्यातून एकदा तरी होतोच. म्हणून एक पातळ स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट, घडीची छत्री आणि बंद बूट एवढंच घ्यावं. उबदार दिवशी संध्याकाळी डास असतात, डिसेंबर असला तरी.

बर्फाची आशा धरू नये. 2004 साली नेमक्या 25 डिसेंबरला इथे बर्फ पडला होता, तो अपवाद. थंडी बेताची असल्यामुळे इथला नाताळ घरात कोंडून बसत नाही. तो गॅलऱ्यांत, ट्रामच्या रुळांवर, बागेतल्या ओकच्या झाडांखाली आणि नदीच्या बांधावर असतो. सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा दिवसाची आखणी त्या वेळेभोवती करायची आणि दुपारच्या जेवणानंतर तासभर झोप काढायची. रात्र मोठी असते.

वार दरवर्षी बदलतात. या प्रवासात दोनच खिळे पक्के ठोकलेले: नाताळच्या आधीचा रविवार आणि 24 ची संध्याकाळ. बाकीचे दिवस त्यांच्यामध्ये हवा बघून पुढेमागे सरकवावेत.

शनिवार: पोहोचणं आणि साबणाचा बर्फ

विमानतळ शहराच्या पश्चिमेला केनर गावात आहे. तिथून फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीपर्यंत किंवा शहराच्या मध्यभागापर्यंत टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं: एक-दोघांना 36 डॉलर, तिघं किंवा जास्त असतील तर माणशी हिशेब. 202 क्रमांकाची एअरपोर्ट एक्स्प्रेस बस सव्वा डॉलरमध्ये नेते, पण तिच्या फेऱ्या मोजक्या. सामान कमी आणि वेळ भरपूर असेल तरच तिच्या नादी लागावं.

मुक्कामाला कनाल स्ट्रीटच्या जवळपासची जागा सोयीची, कारण ट्रामचे मार्ग तिथे एकत्र येतात. बर्बन स्ट्रीटवर खोली घेऊ नये, झोप होत नाही. जुन्या लाकडी घरातली खोली दिसायला देखणी असते, पण ती घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. विटांच्या खांबांवर जमिनीपासून उचललेली, छत बारा फूट उंच, दारं-खिडक्या फटींच्या. बाहेर 6 अंश असताना आतही फार फरक नसतो, वर दमटपणा हाडात शिरतो. खोली ठरवतानाच विचारावं की हीटर भिंतीतला आहे की नुसता चाकांचा. पाण्याचे पाइपही याच घरांच्या पोटाखालून उघडे जातात. डिसेंबर 2022 मध्ये नाताळच्या तोंडावर पारा शून्याखाली गेला, तेव्हा पाइप फुटू नयेत म्हणून लोकांनी रात्रभर नळ बारीक सोडून ठेवले होते. सगळं गाव एकदम नळ सोडून ठेवतं तेव्हा पाण्याचा दाब उतरतो. घरमालकाने नळ ठिबकत ठेवायला सांगितलं तर ऐकावं आणि अंघोळ आदल्या रात्रीच उरकावी.

पहिल्या संध्याकाळी बर्बन सोडून रॉयल स्ट्रीटवरून चालावं. वर बघत चालायचं, पण अधूनमधून खालीही. पदपथांवरच्या विटा उचकटलेल्या असतात. रस्त्यावरच्या खांबांनी पेललेली आणि पदपथावर छप्पर धरणारी ती गॅलरी, भिंतीतून नुसती बाहेर आलेली अरुंद ती बाल्कनी. सजावट मुख्यतः गॅलऱ्यांच्या लोखंडी जाळीवर असते: हिरव्या पानांच्या माळा, मध्ये लाल फिती, आत पिवळसर दिवे. जवळून पाहिलं तर बऱ्याच माळांत मॅग्नोलियाची पानं दिसतात, वरून चकचकीत हिरवी आणि खालून तांबूस. पान जाड आणि मेणचट असल्यामुळे कोमट हवेतही टिकतं. उत्तरेकडून ट्रकने आलेलं फरचं झाड इथे लवकर सुकतं आणि सुया गाळतं. म्हणून घरातल्या झाडाचं बूड विकत घेतल्यावर पुन्हा दोन-तीन सेंटिमीटर कापतात, नाहीतर चिकाने बंद झालेलं खोड पाणी ओढत नाही. खोडाच्या दर इंच जाडीला दिवसाला साधारण एक लिटर पाणी असा हिशेब असतो. बाहेरच्या दिव्यांचं दुखणं वेगळं. दव जोडणीत शिरलं की वीज आपोआप तुटते आणि अख्खी गॅलरी काळोखात जाते. प्लग जमिनीपासून वर आणि तोंड खाली करून बांधलेला असेल तर हे टळतं.

मुलं बरोबर असतील तर शेवट फुल्टन स्ट्रीटवर करावा. तिथे ठरावीक वेळांना वरून बर्फ पडतो, म्हणजे साबणाचा फेस. तो डोळ्यांत गेला तर चुरचुरतो आणि फरशी निसरडी होते. तरी मोठी माणसंसुद्धा तळहात पसरून उभी असतात, हे बघायला पाच मिनिटं द्यावीत. त्याहून जास्त नको.

रविवार: जॅक्सन स्क्वेअर

सकाळी आठच्या आत कॅफे दू माँदमध्ये. 1862 पासूनची ही जागा. इथे बेन्ये मिळतात: मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे चौकोनी तळलेले तुकडे, एका बशीत तीन, वर पिठीसाखरेचा डोंगर. दोघांना एक बशी पुरते. काळे कपडे नकोत आणि घास तोंडाशी नेताना श्वास आत ओढायचा नाही, नाहीतर साखर थेट घशात जाते. कॉफीत चिकोरी, म्हणजे एका भाजलेल्या मुळाची कडवट पूड असते, ती गरम दुधाबरोबरच घ्यावी. नऊनंतर रांग लांबते. ही जागा नाताळच्या दिवशी बंद असते, आदल्या संध्याकाळीही लवकर आवरतं घेतात. 25 तारखेला इथे येऊन बंद दाराचे फोटो काढणारे दरवर्षी असतात.

दुपार रिकामी ठेवावी. या दिवसाचं खरं काम संध्याकाळी सातला आहे. नाताळच्या आधीच्या रविवारी जॅक्सन स्क्वेअरमध्ये मेणबत्त्या हातात धरून हजारो माणसं नाताळची गाणी म्हणतात. पॅशियो प्लांटर्स ही फ्रेंच क्वार्टरमधली संस्था 1946 पासून हा कार्यक्रम करते. प्रवेश फुकट आहे, मेणबत्ती आणि गाण्यांची पुस्तिका फाटकावरच देतात. फाटकं साडेसहाच्या सुमारास उघडतात. सहाला रांगेत उभं राहिलं तर मधल्या पुतळ्याजवळ जागा मिळते, पावणेसातला आलात तर कुंपणाबाहेरून गावं लागतं. तेही वाईट नाही. कॅथिड्रलच्या बाजूला आवाज भिंतीवरून परत येतो आणि गाणं अर्धा ठोका मागेपुढे ऐकू येतं, म्हणून नदीच्या बाजूचं फाटक बरं.

मेणबत्ती सरळ धरावी. पेटवताना पेटलेली तशीच ठेवून न पेटलेली तिरकी करायची, उलट केलं की मेण शेजाऱ्याच्या बाहीवर. नदीवरून झुळूक आली की रांगेतल्या मेणबत्त्या एकापाठोपाठ विझतात आणि अनोळखी माणसं एकमेकांकडून ज्योत घेत राहतात. लायटर घेऊन जाऊ नये, त्यातली मजा जाते. गाणी सोपी, ठेक्याची, आणि पुस्तिका हातात असल्यामुळे शब्द येत नाहीत ही सबब चालत नाही. तासाभरात सगळं आटपतं.

सोमवार: हिरवी ट्राम

सेंट चार्ल्स ॲव्हेन्यूची ट्राम 1835 पासून धावते आहे. सतत चालू असलेल्या जगातल्या रस्ता-रेल्वेंमध्ये ती सगळ्यांत जुनी मानली जाते. सध्याचे ऑलिव्ह-हिरवे डबे 1923-24 च्या सुमाराचे: लाकडी बाकं, पाठ उलटी फिरवता येणारी, वातानुकूलन नाही. नाताळात डब्याच्या नाकावर लाल फितीची हिरवी चक्राकार माळ टांगतात. तिकीट सव्वा डॉलर, दिवसभराचा पास 3 डॉलर. पेटीत टाकायला सुटे पैसे नेमके हवेत, चालक परत देत नाही. पास घेणंच शहाणपणाचं, कारण वाटेत उतरायचं, पुन्हा चढायचं आणि परतही यायचं असतं.

ही ट्राम रस्त्याच्या मधल्या हिरवळीवरून जाते. त्या पट्ट्याला इथे न्यूट्रल ग्राउंड म्हणतात. हा शब्द शिकून ठेवावा, वाटेत कुणाला विचारलं तर उत्तरात तोच येईल. वाट विचारल्यावर पूर्व-पश्चिमही कुणी सांगत नाही. नदीच्या बाजूला, तळ्याच्या बाजूला, नदीच्या प्रवाहाबरोबर किंवा प्रवाहाविरुद्ध अशाच दिशा असतात. मिसिसिपी इथे इतकी वळणं घेते की होकायंत्र हातात असून उपयोग नसतो.

वेळ महत्त्वाची. दुपारी तीनच्या सुमारास कनाल स्ट्रीटच्या टोकाला, कॅरंडलेट स्ट्रीटवर चढावं, तिथे बसायला जागा मिळते. पुढच्या थांब्यांवर डिसेंबरात ट्राम भरलेलीच येते आणि कधी कधी न थांबता जाते. वॉशिंग्टन ॲव्हेन्यूला उतरून गार्डन डिस्ट्रिक्टमध्ये उजेड आहे तोवर तासभर चालावं. या दिवसांत कॅमेलिया फुललेली असते, गुलाबी, पांढरी, लाल. खाली पाकळ्यांचा सडा. मध्येच जर्दाळूसारखा गोड वास येतो, पण फूल कुठे दिसत नाही. तो स्वीट ऑलिव्ह. त्याची फुलं तांदळाच्या दाण्याएवढी, पानांच्या बेचक्यात लपलेली. दमट, वारा नसलेल्या संध्याकाळी हा वास कोपऱ्यापर्यंत पोहोचतो, आणि थंड लाटेनंतरच्या कोरड्या हवेत जवळ जाऊनही धड लागत नाही. नाताळचा इथला वास कोणता, तर पाइनचा नव्हे, हा.

लाइव्ह ओकची मुळं पदपथ उचलून धरतात, तेव्हा अंधार पडायच्या आत पुन्हा ट्राम धरावी आणि कॅरल्टनच्या टोकापर्यंत जाऊन त्याच ट्रामने परत यावं. पाच वाजता दिवे लागतात. डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि बाहेरचं काही दिसत नाही, म्हणून खिडकी उघडी ठेवायची. डिसेंबरात रात्री उघड्या खिडकीतून रोषणाई बघता येते, हीच या शहराची चैन. ओकच्या फांद्यांवर वर्षभर मणीमाळा लटकलेल्या असतात, त्या आधीच्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत फेकलेल्या. त्यांना नाताळची सजावट समजू नये.

रूझवेल्ट हॉटेलची लॉबी एका रस्त्यापासून मागच्या रस्त्यापर्यंत आरपार जाते. डिसेंबरात तिच्यात पांढऱ्या फांद्या, झाडं आणि दिव्यांचा बोगदा करतात. बघायची तर सकाळी लवकर. संध्याकाळी लोक फोटोसाठी एकमेकांच्या खांद्यावर चढतात.

मंगळवार: सिटी पार्कमधले ओक

कनाल स्ट्रीटवरून लाल ट्राम घ्यायची, पण पाटी बघून: एक मार्ग दफनभूमींकडे जातो, दुसरा सिटी पार्ककडे. चूक झाली तर कॅरल्टन ॲव्हेन्यूपर्यंत दुरुस्त करता येते. पार्कच्या टोकाला उतरल्यावर आधी कलासंग्रहालयामागची शिल्पबाग बघावी, तिथे प्रवेश फुकट आहे. मग अंधार पडल्यावर सेलिब्रेशन इन द ओक्स, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापासून नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत चालणारी रोषणाई. तिकीट आधी आणि ठरावीक वेळेचं काढायचं असतं, काही रात्री ती बंदही असते. पहिल्याच वेळेचं तिकीट घ्यावं. आठनंतर दमटपणा दवासारखा बाकांवर उतरतो.

इथले लाइव्ह ओक हिवाळ्यात पानं गाळत नाहीत, आणि फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर जातात. त्यामुळे दिवे वरच्या वर न राहता डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि आपण झाडाच्या आतून चालतो. पानगळीच्या झाडावर दिवे नुसता सांगाडा दाखवतात. इथे पानं उजेड अडवतात आणि झिरपवतातही. राखाडी दाढ्यांसारखं लोंबणारं स्पॅनिश मॉस मात्र दिव्यांपासून दूर ठेवतात, ते वाळलं की पटकन पेट घेतं.

दोन गोष्टी शोधाव्यात. एक, मिस्टर बिंगल: शंकूच्या आकाराची आइसक्रीमची टोपी आणि पंखांच्या जागी हॉलीची पानं असलेला बर्फाचा छोटा माणूस. कनाल स्ट्रीटवरच्या मेझाँ ब्लांश या दुकानाने 1940 च्या दशकात तो जाहिरातीसाठी आणला. दोघांची आद्याक्षरं सारखीच. दुकान गेलं, इमारतीत हॉटेल आलं, आणि दुकानाच्या दर्शनी भागावर झळकणारा भला मोठा बिंगल या बागेत आला. ज्या शहरात बर्फ क्वचितच पडतो तिथला लाडका देव बर्फाचा असावा, हे गमतीचं. दुसरी गोष्ट, मगरी ओढत असलेली सांताची होडी. इथे त्याला पापा नोएल म्हणतात, आणि रेनडिअर या दलदलीत कुठून येणार?

गाडी असेल तर परतताना मेटरीतल्या लाफ्रेनिएर पार्ककडे वळावं. पोपाइज चिकनचे संस्थापक अल कोपलँड आपल्या घरासमोर इतकी रोषणाई करायचे की शेजाऱ्यांची ये-जा बंद पडे. प्रकरण 1985 मध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ती परंपरा आता या बागेत आहे, निदान वाहनतळ तरी आहे.

मधला दिवस: जेवण

24 च्या आधीचा एक दिवस फक्त खाण्यासाठी. बाजारात सात्सुमा घ्यावीत. सैल सालीची, जवळजवळ बिनबियांची ही संत्री शहराच्या दक्षिणेला प्लाकमिन्स परगण्यात नदीकाठी होतात. साल जरा हिरवट असली तरी बिचकू नये, आतून ती आधीच गोड होतात. रंगासाठी थंड रात्री लागतात आणि इथे त्या उशिरा येतात. हातात जड लागतं ते घ्यावं. फुगलेलं, सालीत हवा भरल्यासारखं फळ आतून कोरडं निघतं.

कालवंही या दिवसांत भरतात. उन्हाळ्यात कोमट पाण्यात अंडी घालून ती खंगलेली असतात, पाणी थंडावलं की पुन्हा मांसल होतात. यकृताचा आजार असणाऱ्यांनी कच्ची कालवं हिवाळ्यातही खाऊ नयेत. चुलीवरची घ्यावीत.

संध्याकाळी रेव्हेयाँ. हा शब्द फ्रेंच, जागण्याशी नातं सांगणारा. 19 व्या शतकात इथली क्रेओल, म्हणजे जुन्या फ्रेंच-स्पॅनिश वसाहतीतली कुटुंबं 24 च्या रात्री उपाशीपोटी मध्यरात्रीच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जात आणि परत येऊन पहाटेपर्यंत जेवत: अंडी, कालवांचं कालवण, कासवाचं सूप, थिजवलेलं मसालेदार गोमांस, केक, वाइन. ती चाल विसाव्या शतकात जवळजवळ मोडली. पुढे उपाहारगृहांनी ती उचलली, पण माणसांच्या झोपेला मान देऊन रात्रीच्या नेहमीच्या वेळेत आणि सबंध डिसेंबरभर. ठरलेल्या किमतीचं, साधारण चार पदार्थांचं जेवण असतं. कर आणि 18 ते 20 टक्के टिप त्यावर. तीन-चार आठवडे आधी जागा धरावी. 24 ला मिळेलच असं समजू नये, 21 ते 23 मध्ये तेच ताट शांतपणे मिळतं. जुन्या उपाहारगृहांत, उदाहरणार्थ 1905 पासूनच्या गॅलटॉइर्समध्ये, संध्याकाळी पुरुषांना कोट लागतो. बाहेर 24 अंश असले तरी.

शाकाहारी माणसाला इथे शब्द नेमके वापरावे लागतात. राजम्यासारखा लाल घेवडा आणि भात म्हणून जे येतं त्यात सॉसेज असतं. हिरव्या शेंगा हॅमबरोबर शिजवलेल्या असतात. गम्बो म्हणजे इथलं दाट, रस्सेदार सूप; पालेभाज्यांच्या गम्बोतही बहुधा मांस असतं. 'मांस नको' एवढं पुरत नाही, 'रस्सा कशाचा, चरबी कशाची' असं विचारावं लागतं, आणि जागा धरतानाच कळवलं तर स्वयंपाकघर सोय करतं.

गम्बोचं अंग रू. तेल आणि मैदा समसमान, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सतत ढवळत चॉकलेटच्या रंगापर्यंत न्यायचं. एक काळा ठिपका दिसला तरी सगळं फेकून नव्याने, कारण जळका कडूपणा शेवटपर्यंत जात नाही. उन्हाळ्यात दाटपणा भेंडीने येतो. हिवाळ्यात ताजी भेंडी नसते, म्हणून सासाफ्रासच्या पानांची पूड, फिले, वापरतात. ती पातेलं उतरवल्यावर घालायची, उकळली तर तारा सुटतात. हे माहीत असलं की उद्या बांधावर कुणी वाटी पुढे केली तर दाद नेमकी देता येते.

24 डिसेंबर: बांधावरच्या होळ्या

सगळ्या प्रवासाचं वजन या रात्रीवर आहे. न्यू ऑर्लिन्सपासून नदीच्या वरच्या अंगाला साधारण 70 किलोमीटरवर सेंट जेम्स परगण्यातली ग्रॅमर्सी, लचर आणि पॉलिना ही गावं आहेत. तिथे मिसिसिपीच्या पूरबांधावर शंभराहून अधिक लाकडी मनोरे रांगेने उभे करतात आणि संध्याकाळी सातला एकदम पेटवतात. पापा नोएलला धुक्यात वाट दिसावी म्हणून, असं सांगतात. मराठी माणसाला होळीच आठवणार, आणि रचनाही फार लांबची नाही.

काम थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपासून सुरू होतं. प्रत्येक मनोरा एका कुटुंबाचा किंवा मित्रमंडळाचा, परवाना काढून, जागा वडिलोपार्जित असल्यासारखी. मध्ये एक उभा खांब पुरतात. चार कोपऱ्यांतून चार वासे त्याच्या शेंड्याला टेकवून बांधतात, की पिरॅमिडचा सांगाडा झाला. मग चारही बाजूंनी आडवी लाकडं पायऱ्यांसारखी खालून वर, जाडीपासून बारकाईकडे. उंची साधारण 15 फूट. लाकूड नदीच्या आणि बांधाच्या मधल्या पट्ट्यातल्या विलोचं, वर वेताची कांडी उभी लावलेली. आडव्या लाकडांत फट ठेवतात, कारण हवा खालून आत शिरली नाही तर नुसता धूर होतो. वेत शोभेसाठी नाही, आवाजासाठी: पेरांत कोंडलेली हवा आणि ओल तापून फुगते आणि कांडं फटाक्यासारखं फुटतं. पूर्वी टायरही जाळत, आता बंदी आहे. काही मंडळी नेहमीचा मनोरा सोडून होडी, घर, मगर असे आकार करतात. ते दिवसाउजेडी बघायचे, पेटल्यावर सगळं सारखंच.

जाण्यासाठी महामार्ग 10 ने पश्चिमेकडे, 194 क्रमांकाच्या फाट्यावर उतरायचं. एरवी तासाच्या आतला रस्ता. दुपारी चारपर्यंत पोहोचावं, नंतर रिव्हर रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. गाडी गवतावर लावताना तोंड परतीच्या दिशेला आणि चाकं घट्ट जमिनीवर. पावसानंतर ही माती चिकट होते आणि गाड्या रुततात. टॉर्च, पाणी, सुती जाकीट (कृत्रिम धाग्यावर ठिणगी पडली की भोक पडतंच) आणि सुटे पैसे जवळ असावेत. स्वच्छतागृहं कमी आहेत. बांधाचा उतार दव पडल्यावर निसरडा असतो, तेव्हा पायऱ्यांपाशी किंवा उताराच्या वाटेने चढावं. अंगणाअंगणांत गम्बोची पातेली चढलेली असतात. या भागात गम्बोत भाताऐवजी बटाट्याचं सॅलडही घालतात. ऐकायला विचित्र, पण ते एकदा खाऊन बघावंच. ओळख झाली तर वाटी आपसूक येते. असं वरचं, न मागता मिळालेलं, त्याला लुइझियानात लॅन्याप म्हणतात, म्हणजे भाजीवालीने पिशवीत वर घातलेली कोथिंबीर.

उभं कुठे राहायचं हे वारा ठरवतो. उत्तरेचा वारा असेल तर धूर नदीवर जातो आणि बांधावर मोकळं दिसतं. दक्षिणेचा असेल तर सगळा धूर रस्त्यावर आणि गाड्यांवर. मनोऱ्यापासून वीस मीटर तरी लांब राहावं. अर्ध्या तासाने मधला खांब कुठल्या बाजूला पडेल हे बांधणाऱ्यालाही सांगता येत नाही. सातला इशारा होतो, तळाशी आग लागते, आणि दहा मिनिटांत नदीच्या वळणावर दूरपर्यंत ज्वाळांची ओळ दिसते. मग वेत फुटायला लागतो. लहान मुलांच्या कानांत कापूस हवा.

वारा फार असेल किंवा धुकं दाट असेल तर पेटवणं पुढे ढकलतात. धुक्याचं कारण नदीच: तिचं पाणी उत्तरेकडून थंडगार येतं आणि आखाताची कोमट दमट हवा त्यावरून वाहिली की नदीवर जाड पांढरी गादी बसते. त्यात धूर मिसळला की परतीचा रस्ता धोक्याचा. ऑक्टोबर 2023 मध्ये दलदलीतल्या वणव्याचा धूर आणि धुकं एकत्र येऊन न्यू ऑर्लिन्सजवळच्या महामार्ग 55 वर दीडशेहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. समोरचं दिसेनासं झालं तर महामार्गावर जायचंच नाही, गावातच तास-दोन तास थांबायचं. गाडी चालवायची नसेल तर शहरातून बसच्या सहली निघतात, त्या आठवडे आधी भरतात.

परतीला दोन तास सहज लागतात. म्हणजे त्याच रात्री सेंट लुइस कॅथिड्रलमधलं मध्यरात्रीचं मिसा गाठणं जमलं तर जमलं. अकरापर्यंत तिथली बाकं भरलेली असतात. दोन्ही करू नये. आग आणि प्रार्थना यांतलं एक निवडावं.

25 डिसेंबर

शहर झोपलेलं असतं. ट्राम सुट्टीच्या वेळापत्रकाने धावते, दुकानं बंद, हॉटेलांची भोजनगृहं उघडी पण आधी जागा धरलेल्यांसाठी. आदल्या दुपारीच पाव, चीज, फळं आणून ठेवावीत. सकाळी नदीकाठी जावं. धुकं असेल तर जहाजं दिसत नाहीत, भोंगे तेवढे ऐकू येतात. दुपारी ऑडबन पार्कमध्ये मुलं नव्या सायकली घेऊन येतात, अर्ध्या बाहीच्या शर्टात.

दुसऱ्या दिवशी निघताना सात्सुमा इथेच संपवावीत. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगांमुळे या भागातून रोपं बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, आणि परदेशी विमानतळावर फळांची चौकशी होते ती वेगळीच.

जे राहतील त्यांच्यासाठी: दिवे 26 ला उतरत नाहीत. 6 जानेवारीपर्यंत हंगाम चालू असतो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सेंट चार्ल्सच्या ट्राममध्ये मुखवटे घातलेली मंडळी बसून कार्निव्हलची सुरुवात जाहीर करतात. किंग केक हा कार्निव्हलचा गोड पाव त्या दिवसापासूनच खायचा असतो, आधी खाल्ला तर जुनी माणसं नाकं मुरडतात. त्यानंतर नाताळची झाडं पदपथाच्या कडेला ठेवतात. झगमगीत पट्ट्या, दिवे आणि स्टँड काढलेले हवेत, प्लास्टिकची पिशवी नको, कृत्रिम बर्फ फवारलेलं झाड चालत नाही. कचऱ्याच्या गाड्या ती गोळा करतात, गठ्ठे बांधले जातात, आणि नॅशनल गार्डची हेलिकॉप्टरं ते शहराच्या पूर्वेला बायू सोव्हाजच्या अभयारण्यात नेऊन पाण्यात सोडतात. फांद्यांत गाळ अडकतो, लाटांचा जोर कमी होतो, आणि तिथे पुन्हा गवत धरतं.